बावीस श्रुती आणि बारा व्होल्ट

परीक्षण फक्त पुस्तकाचंच करावं, असा काही कायदा नाही. आमच्या सांगलीत तर पुस्तक सोडून बाकी सगळ्याचं परीक्षण होतं. लग्नातला मठ्ठा, गणपतीच्या मांडवातली रोषणाई, नव्या कलेक्टरांचं मराठी, कृष्णेचं पाणी – प्रत्येक विषयात इथे तज्ज्ञ आहेत आणि ते सदैव मोफत उपलब्ध असतात. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथे 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणलं. त्या दिवशी मराठी नाटकाचा जन्म झाला, असं सगळे सांगतात. माझ्या मते मराठी नाट्यसमीक्षाही त्याच दिवशी जन्मली असणार. प्रयोगाहून परतताना "राक्षस जरा किरकोळ वाटला" असं म्हटल्याशिवाय एखादा सांगलीकर घरी पोचला असेल, हे संभवत नाही.

त्या थोर परंपरेला स्मरून मी आज एका संगणकाचं परीक्षण करणार आहे. संगणक अजून तयार झालेला नाही. त्याचा फक्त आराखडा तयार आहे. पण न पाहिलेल्या नाटकावर लिहिणारे लोक आहेत, तर न बनलेल्या यंत्रावर लिहायला काय हरकत आहे? शिवाय यंत्र बनण्याआधी टीका केली तर तिचा उपयोग तरी होतो. नाटकाच्या बाबतीत ती सोय नाही.

आराखड्याचे लेखक आमचे भाचे. मूळचे साताऱ्याचे, शिक्षणासाठी सांगलीत, मुक्काम आमच्या माडीवर. ग्रंथाचं नाव : 'परवडणारा, सुट्या भागांचा, हौशी संगणक – सिंथेसायझरच्या रॅकला जुळणारा.' एवढी विशेषणं मी आजवर फक्त 'वधू पाहिजे' या सदरात वाचली होती. तिथल्याप्रमाणेच इथेही एकेक विशेषण तपासून पाहिलेलं बरं.

पण आधी हा रॅक काय प्रकार आहे, ते सांगायला हवं. सिंथेसायझर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वाद्यवृंदातला तो उभ्याने वाजवायचा कीबोर्ड येतो. सुट्या भागांचा सिंथेसायझर निराळा. त्यात स्वर काढणारा एक डबा, तो स्वर गाळणारा दुसरा, लहानमोठा करणारा तिसरा, अशी वेगवेगळी खाती असतात. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वायर जाते. आपल्या सरकारी कचेरीतल्या फायलीप्रमाणेच. फरक एवढाच की इथे शेवटी काहीतरी बाहेर पडतं. लांबून पाहिलं तर जुनं टेलिफोन एक्स्चेंज, जवळून ऐकलं तर त्या एक्स्चेंजमध्ये शिरलेला भुंगा.

पूर्वी प्रत्येक कंपनीची खाती वेगळ्या मापाची असत. १९९० च्या दशकाच्या मध्यात डीटर डोएप्फर या जर्मन गृहस्थाने आपली मापं ठरवली आणि हळूहळू जगाने ती उचलली. पट्टीची उंची १२८.५ मिलिमीटर, रुंदी ५.०८ मिलिमीटरच्या पटीत, वीज अधिक बारा आणि उणे बारा व्होल्ट. याला युरोरॅक म्हणतात. स्वर किती उंच हवा, तेही व्होल्टांतच सांगायचं. एक व्होल्ट वाढला की स्वर बरोबर एक सप्तक वर जातो. गाण्याची एवढी सोपी व्याख्या आपल्या एकाही ग्रंथात नाही.

हे खूळ परदेशी आहे आणि नवीन आहे, असं म्हणून कुणी नाक मुरडू नये. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली मूग सिंथेसायझर बसला होता. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तो लावून दिला, गीता साराभाईंसारख्या जाणकार बाईंचा त्यात पुढाकार होता. तिथे केलेल्या फिती कितीतरी वर्षं कपाटात पडून राहिल्या आणि २०२३ साली त्यांतल्या निवडक प्रसिद्ध झाल्या. मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलँडची यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. तेव्हा त्या तबकडीकडे कुणी फारसं पाहिलं नाही, आणि वीस-पंचवीस वर्षांनी परदेशी मंडळी ती शोधत हिंडू लागली. म्हणजे आपल्याकडे अशा गोष्टी होतात वेळेवर. फक्त आपल्याला कळतात उशिरा.

आता विशेषण पहिलं : जुळणारा.

"जुळणारा कुणाशी?" मी भाच्याला विचारलं. "अख्ख्या सांगली जिल्ह्यात असा रॅक किती जणांकडे आहे?"

"माझ्या माहितीत कुणाकडेच नाही," तो म्हणाला.

"साताऱ्यात?"

"तिथेही नाही. म्हणूनच तर करायचंय, मामा."

गावात एकही घोडा नसताना नाल तयार करण्याचा हा प्रकार आहे, असं प्रथमदर्शनी वाटेल. पण इथे मला आराखड्याची बाजू घेतली पाहिजे. माप ठरलेलं असलं की काय होतं, हे मिरजेच्या माणसाला शिकवावं लागत नाही. सत्तरीच्या दशकात मिरज स्टेशनवर ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रूळ येऊन मिळत. पुण्याहून बंगलोरला निघालेल्या माणसाला मिरजेत ट्रंका, वळकट्या आणि लोणच्याच्या बरण्यांसह गाडी बदलावी लागे. कुणीतरी आपल्या सोयीने रूळ टाकले, दुसऱ्याने दुसऱ्या सोयीने टाकले, आणि भुर्दंड पडला तो वळकटीवाल्याला. भाच्याने स्वतःचं नवं माप काढलं असतं तर तो चौथा रूळ झाला असता. जगाच्या मापावर बांधलं तर निदान उद्या दुसऱ्याचा डबा आपल्या गाडीला लागेल, किंवा आपला डबा दुसऱ्याच्या.

शिवाय एक गोष्ट भाच्यालाही ठाऊक नव्हती. हा रॅक मुळात गाण्याचा नाहीच. तो उद्योगधंद्यातल्या विजेच्या यंत्रांचा. शंभर बाय एकशे साठ मिलिमीटरचं युरोकार्ड आणि त्याच उंचीची चौकट कारखान्यांत आधीपासून होती. १९८१ साली आलेल्या व्ही.एम.ई. पद्धतीचे संगणक याच मापाच्या कार्डांवर बांधले जात. म्हणजे संगणक त्या घरातला जुना भाडेकरू. सिंथेसायझर हा मागाहून आलेला पोटभाडेकरू. तेव्हा तिथे संगणक बसवणं म्हणजे घुसखोरी नव्हे, जुना ताबा मागणं आहे. सदाशिव पेठेतला कुठलाही वकील हा दावा घेईल.

विशेषण दुसरं : हौशी.

हौशी संगणकाचा मूळपुरुष म्हणजे आल्टेअर ८८००. जानेवारी १९७५ च्या एका अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर तो झळकला. सुटे भाग घरी यायचे, ते आपण डाग देऊन जोडायचे. जोडून झाल्यावर समोर पडदा नाही, टंकलेखनाची बटणं नाहीत. नुसते खटके आणि दिवे. खटके वरखाली करून एकेक आकडा भरायचा आणि दिवे लुकलुकले की धन्य व्हायचं. पण त्याच्या पोटात शंभर पिनांची एक खाच होती आणि त्या खाचेत बसणारी कार्डं दुसऱ्या लोकांनी बनवायला सुरुवात केली. यंत्र मागे पडलं, खाच जगली. हौसेचं असंच असतं. भजनी मंडळातला बुवा बदलतो, पेटी तीच राहते.

भाच्याने आपल्या संगणकाला मेंदू म्हणून झेड-८० ही चिप योजली आहे. ही १९७६ सालची, आणि झिलॉग कंपनीने २०२४ साली तिचं उत्पादन थांबवलं. अठ्ठेचाळीस वर्षांची नोकरी! आमच्या पिढीतल्या कुठल्याही कारकुनाला एवढी सेवा मिळाली नाही.

"अरे, निवृत्त झालेल्या माणसाला पुन्हा कामावर का घेतोस?"

"मामा, तिचं प्रत्येक पाऊल हाताने मोजता येतं. आत काय चाललंय ते कळतं. नव्या चिपमध्ये काही कळत नाही."

या मुद्द्यावर मला त्याचं कौतुक वाटतं आणि तरी आराखड्याचा हा भाग मला नापास करावासा वाटतो. आत काय चाललंय ते कळावं, ही हौशी माणसाची सर्वांत चांगली भूक आहे. पण ती शमवायची तर बाजारात मिळेल असं धान्य घ्यावं. २०२१ साली आलेला रास्पबेरी पाय पिको हा बोर्ड तीन-चारशे रुपयांत मिळतो, त्याची सगळी कागदपत्रं उघडी आहेत, आणि त्याच्यावर काम करायला शाळेतलं पोरही शिकतं. ज्या यंत्राचा मुख्य अवयव जुन्या बाजारात शोधावा लागेल, ते यंत्र बनवणाऱ्याच्या हौसेचं. वापरणाऱ्याच्या हौसेचं नव्हे. आराखड्याच्या मुखपृष्ठावर कुणाची हौस लिहिली आहे, हे लेखकाने ठरवायला हवं.

विशेषण तिसरं : परवडणारा.

या प्रकरणात मी घरातल्या जमाखर्चाची वही शेजारी ठेवून बसलो. आराखड्यातला हिशेब पाहिला तर मेंदू स्वस्त आहे आणि कवटी महाग. चिपा, रोध, धारित्र हे सगळं मिळून एका कुटुंबाच्या हॉटेलातल्या जेवणाइतकं. पण पुढची अॅल्युमिनियमची पट्टी, तिच्यावरची छपाई, साडेतीन मिलिमीटरची दोन डझन भोकं आणि त्यांतले जॅक, पट्ट्या बसवायचे रूळ, अधिक-उणे बारा व्होल्ट देणारा वीजपुरवठा आणि या सगळ्याला सामावणारी पेटी – हे सगळं परदेशातून मागवायचं. वर जकात. वर कुरियर. साडी दोनशेची आणि तिला फॉल-पिको दोन हजारांचा, असा हा संसार.

माझी सूचना साधी आहे. पुढची पट्टी अॅल्युमिनियमचीच हवी असा आग्रह सोडावा. ज्या सर्किट बोर्डावर चिपा बसतात त्याच मालाची पट्टी करून घेतली तर अक्षरंसुद्धा फुकटात छापून येतात. जगातले काटकसरी लोक हेच करतात. पत्राच हवा असेल तर कुपवाडच्या एम.आय.डी.सी.त पत्रा कापणारे आहेत. आणि लाकडी पेटीसाठी मिरजेसारखं गाव शेजारी असताना जर्मनीकडे तोंड करणं म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा.

याच प्रकरणात विजेच्या जोडणीबद्दल बोललं पाहिजे. युरोरॅकमध्ये वीज एका चपट्या रिबन केबलीतून येते. तिच्या एका कडेला लाल रेघ असते. ट्रान्झिस्टरमध्ये सेल घालायला शिकल्यापासून आपण लाल म्हणजे अधिक हे पाठ केलेलं. इथे लाल रेघ उणे बारा व्होल्टांची! ही केबल उलटी बसली की एका क्षणात सगळा संगणक, रास्पबेरीसह, उदबत्तीसारखा दरवळतो. आराखड्यात यावर उपाय म्हणून ठळक अक्षरांत लिहिलं आहे, 'केबल उलटी लावू नये.' आपल्याकडे 'येथे थुंकू नये' या पाटीचा जो परिणाम होतो तोच या सूचनेचा होईल. त्याऐवजी एकाच बाजूने बसेल अशी खाचेची जागा ठेवावी आणि उलटी वीज अडवणारे दोन डायोड घालावेत. खर्च दोन कप चहाइतका. परवडणारं यंत्र म्हणजे स्वस्तात बनणारं यंत्र नव्हे. चूक झाली तरी जे पुन्हा विकत घ्यावं लागत नाही, ते यंत्र परवडतं.

इथवर वाचून भाचा खूश होता. "म्हणजे मामा, किरकोळ दुरुस्त्या." मी म्हटलं, "थांब, अजून गाणं सुरू झालेलं नाही."

आराखड्याच्या चौदाव्या पानावर एक ओळ आहे, जिच्यावर वाचणाऱ्याची नजरही ठरणार नाही. संगणकातला आकडा व्होल्टांत बदलून बाहेर सोडण्यासाठी भाच्याने पैसे वाचवून आठ बिटांचा परिवर्तक घेतला आहे. म्हणजे शून्य ते पाच व्होल्ट या अंतराच्या दोनशे छप्पन्न पायऱ्या. एक पायरी साडेएकोणीस मिलिव्होल्टांची. आकडा लहान दिसतो. पण हा संगणक सांगली-साताऱ्यात बनतो आहे, आणि इथे पायरीच्या उंचीवरून एकदा मोठंच महाभारत होऊन गेलेलं आहे.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. निवृत्तीनंतर माणसं तीर्थयात्रा करतात. देवलांनी श्रुती मोजायला घेतल्या. आपले पूर्वज सप्तकात बावीस श्रुती सांगतात, तर त्या नेमक्या कुठे, हे त्यांना तारेच्या मापाने आणि कंपनांच्या हिशेबाने दाखवायचं होतं. त्यांना गळा मिळाला तो अब्दुल करीम खाँसाहेबांचा, आणि साथ मिळाली ती साताऱ्याला असलेले आय.सी.एस. अधिकारी ई. क्लेमंट्स यांची. १९१० साली देवलांचं बावीस श्रुतींवरचं इंग्रजी पुस्तक निघालं, १९१३ साली क्लेमंट्सचं. आणि नुसत्या पुस्तकांवर हे लोक थांबले नाहीत. या श्रुती वाजवून दाखवणारी एक खास हार्मोनियम त्यांनी लंडनच्या मूर अँड मूर कंपनीकडून बनवून घेतली. विचार करा : सांगलीचा पेन्शनर, साताऱ्याचा गोरा साहेब, मिरजेचा म्हणून पुढे ओळखला गेलेला गवई आणि लंडनचा कारखाना! आमच्या भागातला वाद्ययंत्राचा पहिला मोठा आराखडा तो हाच. भाच्याचा दुसरा.

ही पेटी १९१६ साली बडोद्याच्या अखिल भारतीय संगीत परिषदेत मांडली गेली. तिथे भातखंड्यांसारखे पंडित होते, मोठमोठे गवई होते. वाद झाला, आणि ती पेटी काही सगळ्यांच्या गळ्याखाली उतरली नाही. नेहमीची बारा स्वरांची पेटी मात्र घराघरांत शिरली. तिलाही सुख नव्हतं. १९४० साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली आणि ती सैल व्हायला सत्तरीचं दशक उजाडावं लागलं.

देवलांचं दुखणं काय होतं, ते हिशेबाने सांगतो. षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा धरा. जवारी चांगली लागलेल्या तंबोऱ्यातून जो गंधार आपोआप ऐकू येतो तो षड्जाच्या पाच-चतुर्थांश, म्हणजे ३०० कंपनांच्या घरात. आणि बाजारातल्या पेटीचा किंवा कीबोर्डचा गंधार? ३०२ च्या थोडा पुढे. दोन्ही एकदम लावले की सेकंदाला दोन-अडीच हेलकावे येतात. ज्याला कान नाही त्याला काही वाटत नाही. ज्याला आहे त्याला बुटात खडा गेल्यासारखं होतं. व्होल्टांत सांगायचं तर हा फरक सव्वाअकरा मिलिव्होल्टांच्या आसपास. आणि ज्याला प्रमाणश्रुती म्हणतात ते ऐंशीला एक्क्याऐंशी हे अंतर सुमारे अठरा मिलिव्होल्टांचं.

आता भाच्याच्या परिवर्तकाची पायरी आठवा : साडेएकोणीस! अहो, ज्या श्रुतीसाठी देवलांनी पेन्शन आणि क्लेमंट्सने फर्लो खर्ची घातली असेल, ती या यंत्राच्या एका पायरीत अख्खी बुडून जाते. जिन्याच्या पायरीहून लहान मूल असलं तर ते वर कसं चढणार?

"बारा बिटांचा घे," मी म्हटलं. "चार हजार शहाण्णव पायऱ्या मिळतात. चार पूर्णांक शहाण्णव सहस्रांश व्होल्ट एवढाच पल्ला ठेवलास तर एक पायरी नेमकी एक मिलिव्होल्टची होते. हिशेब तोंडी करता येईल."

"पण मग पाच सप्तकं मिळणार नाहीत, चारच मिळतील."

"गवयाला तीन पुरतात. चौथं सप्तक फक्त शेजारच्यांना त्रास द्यायला लागतं."

बारा बिटांची चिपही काही शे रुपयांतच येते. म्हणजे आराखड्यात जिथे काटकसर करायला नको होती नेमकी तिथेच केली, आणि झगमगीत अॅल्युमिनियमवर पैसा ओतला. हे आपल्या घरबांधणीसारखं झालं : दर्शनी भिंतीला ग्रॅनाइट आणि आत नळाला पाणी नाही.

यावर भाच्याने आपला हुकमी एक्का काढला. त्याच्या यंत्रात एक खटका आहे. इकडे केला की बारा स्वर, तिकडे केला की 'भारतीय' – म्हणजे बावीस श्रुती, चिपमध्ये कायमच्या कोरलेल्या. कुठलाही व्होल्ट आत आला की यंत्र त्याला धरून जवळच्या श्रुतीवर नेऊन बसवतं, वर्गात मास्तर उभ्या पोराला बसवतात तसं.

या खटक्याला माझा सर्वांत जोरात विरोध आहे. लंडनच्या पेटीचं अडलं ते इथेच, असं मला वाटतं. देवलांचा कान खोटा नव्हता, हिशेबही प्रामाणिक होता. पण एकदा पितळी पत्ती कानशीने घासून बसवली की ती तिथेच बोलते. गवयाने आज षड्ज अर्ध्या पट्टीने उतरवला की सगळी बावीसच्या बावीस मंडळी जागची हलायला हवीत. ती कशी हलणार? एका रागातला रिषभ दुसऱ्यात चालत नाही, आणि एकाच रागातला रिषभ चढताना आणि आंदोलनात एका जागी उभा राहत नाही. शंभर वर्षं विद्वान लोक त्या बावीस खुणा नेमक्या कुठे माराव्यात यावर भांडत आहेत, आणि आमचा भाचा त्या तिसऱ्या सेमिस्टरच्या सुट्टीत चिपमध्ये कोरून मोकळा!

गंमत अशी की पेटीला जे जमत नव्हतं ते या रॅकला जन्मतःच जमतं. व्होल्टाला पट्ट्या नसतात. तो एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातो. मींड त्याच्या रक्तात आहे. या बाबतीत युरोरॅक हा पेटीचा नातेवाईक नसून सारंगीचा आहे. मग त्याला धरून बारा किंवा बावीस खुर्च्यांवर बसवायचं कशाला? संगणकाचं काम एवढंच असावं : षड्ज कुठला ते एका बटणाने विचारावं, कोणते स्वर हवेत त्याची यादी गाणाऱ्याने स्वतः लिहावी, पुसावी, बदलावी; आणि मींड घ्यायची असेल तेव्हा यंत्राने गुपचूप बाजूला व्हावं. आकडे चिपमध्ये नकोत, वहीसारख्या फायलीत हवेत. देवलांना हे साधन मिळालं असतं तर बडोद्याला त्यांनी वाद घालण्याऐवजी "तुमचा गंधार कुठला? बरं, हा घ्या" असं म्हटलं असतं.

राहिलं शेवटचं विशेषण : सुट्या भागांचा. आणि खरं सांगायचं तर या एका शब्दासाठी मी हे परीक्षण लिहायला घेतलं.

साताऱ्यात माझी भाची, म्हणजे या ग्रंथकाराची धाकटी बहीण, गाणं शिकते. रियाजाला तंबोरा धरणारं घरात कुणी नाही. म्हणून इतर हजारो घरांप्रमाणे त्यांच्याकडेही विजेचा तंबोरा आला. हे यंत्र बंगलोरला जी. राज नारायण यांनी १९७९ साली बनवलं, आणि पुढे अनेकांनी बनवलं. एकट्याने गाणाऱ्यावर त्याचे मोठे उपकार आहेत. पण भाचीच्या घरचा एक दिवस बंद पडला. एका दुकानात नेला. दुकानदाराने तो उलटा केला, हलवला, कानाला लावला आणि म्हणाला, "हा उघडत नाही. नवीन घ्या." बिघडलं काय होतं? ते कुणालाच कळलं नाही, कारण ते कळण्याची सोयच ठेवलेली नव्हती.

आता मिरजेला या. तिथे सितारमेकर गल्लीत तंबोरा कसा होतो ते पाहा. मूळचं घराणं शिकलगारांचं. संस्थानी काळात हत्यारांना धार करणारे हात एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांच्या वेळी वाद्यांकडे वळले. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, लाकूड तुणीचं, घोडी वेगळी, खुंट्या वेगळ्या, मणी वेगळे, आणि जवारीत सरकवायचा दोरा तर सगळ्यांत वेगळा. एकही भाग असा नाही की जो काढून दुसरा बसवता येत नाही. भोपळ्याला तडा गेला तरी कारागीर "नवीन घ्या" म्हणत नाही. आधी बोट फिरवून बघतो. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मोठी गोष्ट झाली. पण मानांकनाने वाद्य ओळखीचं होतं, विकलं जातंच असं नाही. विजेची डबी स्वस्त आहे, पिशवीत मावते, आणि तिला पावसाळ्यात सर्दी होत नाही.

मी आराखडा एका कारागिराला दाखवला. त्यांनी चष्मा वर करून तो शांतपणे पाहिला. व्होल्ट, बिट, रॅक यांपैकी कशालाच ते बिचकले नाहीत. शेवटी एवढंच विचारलं, "ह्याची जवारी कुठं काढायची?"

भाचा हसला. मी हसलो नाही, कारण संपूर्ण आराखड्यावरची याहून नेमकी टीका मला चार दिवसांत सुचली नव्हती. जवारी काढणं म्हणजे काय? वाद्य विकत घेतल्यावरही त्याचा नाद आपल्या कानाप्रमाणे घासून, दोरा सरकवून, हाताने लावता येणं. ती जागा वाद्याने मोकळी ठेवलेली असते. बंद डबीत ती नसते. भाच्याच्या संगणकात ती असायला हवी, आणि सुट्या भागांचा खरा अर्थ तोच आहे. चार डबे चार रुळांवर बसले म्हणून यंत्र सुटं होत नाही. भाचीने साताऱ्यात घरी बसून मागची चार पेचं काढावीत, कुठला भाग मेला ते तिला दिसावं, तो पन्नास-शंभराला साताऱ्यात किंवा सांगलीत मिळावा, आणि गंधार चढा वाटला तर तिने स्वतः एक आकडा बदलून तो उतरवावा. हे झालं तर यंत्र सुटं. नाहीतर तीही एक बंद डबीच, फक्त तुकड्यातुकड्यांनी बंद केलेली.

यावरून कुणी असा अर्थ काढू नये की हा संगणक तंबोऱ्याची जागा घेईल. त्याने घेऊही नये. मिरजेचा तंबोरा चार तारांत जे बोलतो ते याला जन्मात बोलता येणार नाही. पण आज गावोगावच्या भाच्यांची तुलना तंबोरा आणि संगणक यांच्यात नाहीच. त्यांच्यापुढे पर्याय आहे तो न उघडणाऱ्या डबीचा आणि उघडणाऱ्या डबीचा. उघडणाऱ्या डबीतून ज्या मुलीने गंधार एक-एक मिलिव्होल्टने उतरवून ऐकला, तिला कधीतरी खऱ्या तंबोऱ्यातला गंधार ऐकायची इच्छा होईल आणि ती मिरजेची गाडी पकडेल. न उघडणाऱ्या डबीत तशी वाट नाही.

तेव्हा निकाल असा. 'जुळणारा' – उत्तीर्ण. 'हौशी' – मेंदू बदलण्याच्या अटीवर उत्तीर्ण. 'परवडणारा' – पट्टी आणि पेटी इथल्या इथे बनवल्यास उत्तीर्ण, आठ बिटांवर साफ नापास. 'भारतीय' खटका – रद्द. 'सुट्या भागांचा' – निकाल राखून ठेवला आहे. यंत्र बनल्यावर ते भाचीच्या हातात पेचकस देऊन ठरवण्यात येईल. आमची ताई म्हणते, "दादा, त्यापेक्षा त्याला आधी मिक्सर दुरुस्त करायला सांग." ही सूचनाही मी परिशिष्ट म्हणून आराखड्याला जोडली आहे.

पहिला नग मी घेणार, असं जाहीर करून टाकलं आहे. भाच्याने दुसऱ्याच दिवशी आराखड्याची सुधारित प्रत आणून दिली. बारा बिट आहेत, खाच आहे, डायोड आहेत, खटका गेला आहे. फक्त शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत एक नवी ओळ आली आहे : 'समीक्षकांना सवलत नाही.'